अंतराळ-जहाजाच्या कप्तानपदासाठी अर्ज कसा लिहावा

एका लेखी रोलप्ले-खेळात कप्तान होण्यासाठीचा माझा पहिला अर्ज साडेचार पानांचा होता. त्यात कप्तानाच्या डाव्या गालावरचा व्रण होता, लहानपणी जळालेली वसाहत होती, वडिलांचं बंद पडलेलं घड्याळ होतं, आणि अगदी शेवटी दीड ओळीत "मी नियमित खेळतो" एवढं होतं. नकार एका प्रश्नाच्या रूपात आला: "हे सगळं तुझा कप्तान करत असेल, तर जहाजावरचे बाकीचे सतरा जण काय करणार?" फोंड्याच्या बाजारात भाजीची पिशवी हातात घेऊन मी तो मोबाईलवर वाचला. राग आला. पुढे दोन वर्षांनी त्याच खेळात आलेले अर्ज वाचायचं काम माझ्याकडे आलं, आणि एकेक अर्ज उघडताना माझ्याही तोंडून तोच प्रश्न निघू लागला.

हा लेख लष्करी विज्ञानकथेच्या रोलप्लेबद्दल आहे. युद्धनौका अंतराळातल्या, सैनिक भविष्यातले, आणि खेळ बहुतेक लेखी, डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपवर चालणारा. प्रत्येकजण आपल्या कॅरेक्टरच्या वतीने पोस्ट लिहितो, जीएम, म्हणजे गेम मास्टर, जग सांभाळतो. काही महिने खेळून झाले की हाताखाली माणसं असलेलं पद मागावंसं वाटतं. त्यासाठी फॉर्म असतो, आणि बरेचजण तिथेच अडकतात.

पेडण्याकडे दशावतार पाहिलेल्या माणसाला यातलं मर्म पटकन कळेल. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कुणी राजा, कुणी राक्षस, कुणी ऋषी हे ठरतं, आणि पायपेटी वाजायला लागली की संवाद उभ्या उभ्या रचले जातात. राजाने अर्धा तास एकट्यानेच बोलायचं ठरवलं तर राक्षस आत पेटाऱ्यावर बसून जांभया देतो. मुरलेला राजा प्रधानाकडे वळून एक प्रश्न टाकतो आणि पुढची दहा मिनिटं प्रधानाला देऊन टाकतो. जीएमला कप्तानाच्या जागी असा राजा हवा असतो. अर्जाचा फॉर्म दहा प्रश्नांचा असो की तीस, त्यातून एकच गोष्ट तपासली जाते: तुमच्या हाताखाली दुसऱ्यांना खेळायला मिळेल का.

आधी पद ओळखा

लष्करी खेळात साधारण चार प्रकारची पदं असतात. सर्वांत खाली पथकप्रमुख, म्हणजे आठ-दहा सैनिकांचा म्होरक्या. त्याच्या बाजूला विभागप्रमुख: वैद्यकीय, इंजिनरूम, पायलटांची तुकडी, गुप्तवार्ता. त्यावर एक्सओ, म्हणजे जहाजाचा दुसरा अधिकारी. आणि सर्वांत वर सीओ, ज्याच्या नावावर जहाज असतं.

नवख्याने सरळ सीओचा अर्ज टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सीओला कथेत मान असतो, पण खेळायला कमी मिळतं. निम्मा वेळ तो कुणाला कुठे पाठवायचं हे ठरवतो, उरलेला निम्मा वेळ रुसलेल्यांना समजावतो. पथकप्रमुख मात्र धुरात, गोळीबारात, चिखलात असतो आणि आठ माणसं सांभाळायलाही शिकतो. एक्सओचं पद त्याहून मजेशीर. रोजचं जहाज तोच चालवतो, हजेरी, तक्रारी, पहारे सगळं त्याच्याकडे, आणि चूक झाली तर बोलणी खायला वर सीओ आहेच. जागा रिकामी असेल तर एक्सओ मागा.

दुसरी गोष्ट, हुद्दा आणि पद वेगळं असतं. इथे भले भले घसरतात. भूदलातला कॅप्टन आणि नौदलातला कॅप्टन यांत तीन पायऱ्यांचं अंतर आहे. आपल्याकडे भूदलाचा कॅप्टन नौदलाच्या लेफ्टनंटच्या बरोबरीचा, आणि नौदलाचा कॅप्टन भूदलाच्या कर्नलच्या बरोबरीचा. शिवाय जहाजाचा प्रमुख हुद्द्याने कमांडर असला तरी जहाजावर त्याला 'कॅप्टन' म्हणतात, कारण तिथे ते पदाचं नाव आहे. दाबोळीला नौदलाचा तळ, वेरेंला नौदलाचं युद्धमहाविद्यालय, त्यामुळे वास्को-पणजीकडच्या पुष्कळ मुलांना हे शेजारपाजाऱ्यांकडून आपसूक माहीत असतं. बाकीच्यांनी बघून घ्यावं. अंतराळकथेत जहाजावर बहुधा नौदलाचे हुद्दे असतात आणि जहाजातून उतरणाऱ्या सैनिकांना भूदलाचे किंवा मरीनचे. "माझा कॅप्टन तुमच्या मेजरला हुकूम देतो" असं लिहिलंत तर तो कोणत्या दलातला कॅप्टन, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

आकड्यांचंही तसंच. भारतीय भूदलात सेक्शन साधारण १० जणांचं, तीन सेक्शनांची प्लाटून, तीन प्लाटूनांची कंपनी, म्हणजे कंपनी शंभरच्या वर जाते. सेक्शनचा प्रमुख हवालदार, कंपनीचा मेजर. तुमच्या खेळाने वेगळी रचना ठरवली असेल तर तीच पाळा, पण अठरा खेळाडूंच्या जहाजावर स्वतःला अॅडमिरल लावून घेऊ नका. असे अर्ज मी पाहिले आहेत, आणि ते वाचून चहा सांडला आहे.

अर्जाआधीचे दोन महिने

अर्ज लिहिण्याआधी त्याच खेळात निदान दोन महिने साधा शिपाई म्हणून खेळा. बऱ्याच ठिकाणी ही अटच असते. नसली तरी अर्ज वाचणारा पहिल्यांदा तुमच्या जुन्या पोस्ट उघडतो. त्याला तिथे काय सापडेल हे तुमच्या हातात आहे.

या काळात एक वही ठेवा. खरीच वही, दुकानात मिळते ती. सध्याचा पथकप्रमुख हुकूम देतो तेव्हा किती जणांना त्यातून काम मिळालं, ते लिहा. कुठला सीन तीन दिवस थंड पडला आणि का, ते लिहा. कोण कधी ऑनलाइन असतो. कोणाला लढाई आवडते, कोणाला रात्रीच्या पहाऱ्यातल्या गप्पा. नवीन आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात कोणी हाक मारली की तो तसाच निघून गेला. अर्जात "मी संघभावनेने काम करीन" असं लिहिण्यापेक्षा "गेल्या महिन्यात तिघे नवखे आले, दोघे गेले, दोघांच्याही पहिल्या पोस्टला चार दिवस उत्तर नव्हतं" हे वाक्य जड पडतं.

सध्या त्या पदावर असलेल्याशीही बोला. तुम्ही त्याच्या खुर्चीवर टपलेले नाही हे आधी सांगून टाका, आणि एवढंच विचारा: यातलं सर्वांत कंटाळवाणं काम कोणतं? ते उत्तर ऐकूनही पद हवंसं वाटलं तर पुढे चला.

वेळेचा रकाना

फॉर्मवर 'तुमचा टाइमझोन' असा एक साधा रकाना असतो. लोक तिथे 'भारत' लिहून मोकळे होतात. या रकान्यावर निम्मे निर्णय होतात, म्हणून जरा थांबू या.

खेळाचे मोठे प्रसंग बहुधा युरोप-अमेरिकेच्या शनिवारी संध्याकाळी ठेवलेले असतात. लंडनचे रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपले रविवारी पहाटेचे दीड, आणि उन्हाळ्यात साडेबारा, कारण तिकडे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. अमेरिकेत हा बदल वेगळ्या तारखांना होतो, मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्यामुळे वर्षातून दोनदा, काही दिवस सगळ्यांचाच घोळ होतो. न्यूयॉर्कचे रात्रीचे आठ आपल्याला सकाळी साडेपाच किंवा साडेसहाला पडतात. हे सगळं रकान्यात मांडा: "युरोपच्या शनिवारच्या प्रसंगाला महिन्यातून दोनदा हजर राहीन. अमेरिकी प्रसंग माझ्या पहाटे येतो, तो रविवारी जमेल, इतर दिवशी नाही. इतर वेळी रोज रात्री ९ ते ११ पोस्ट लिहितो." असं लिहिणारा माणूस खरोखर येणार, हे वाचणाऱ्याला कळतं.

आणि गोव्याचं कॅलेंडर लपवू नका. जून ते सप्टेंबर पावसात लाईट जाते, आमच्या वाड्यावर तर एखादं झाड तारेवर पडलं की सकाळपर्यंत नाही. चवथीला पाच दिवस मी खेळत नाही. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायची असते, घर माणसांनी भरलेलं असतं, आणि खोलीत एकटा बसून अंतराळयुद्ध लढणाऱ्या भाच्याकडे आमची मावशी ज्या नजरेने बघते तिच्यापुढे कुठलाही ताफा टिकणार नाही. गावच्या जत्रेचे आणि काल्याचे दिवसही तसेच. माझ्या दुसऱ्या अर्जात मी हे दिवस आणि माझ्या जागी जहाज कोण सांभाळील, हे दोन ओळींत दिलं होतं. नंतर कळलं की त्या अर्जातली त्यांना सर्वांत आवडलेली जागा तीच होती. गैरहजर तर सगळेच राहतात, आगाऊ सांगतो कोण?

कॅरेक्टर: व्रण कमी, नोकरी जास्त

कॅरेक्टरचा इतिहास एका पानात बसवा. १९७७ साली आलेल्या 'ट्रॅव्हलर' या जुन्या अंतराळ-रोलप्लेमध्ये कॅरेक्टर बनवायची पद्धत मला अजूनही उत्तम वाटते. माणूस आधी नोकरी करतो, चार-चार वर्षांच्या मुदतींनी, आणि प्रत्येक मुदतीत काय शिकला, काय गमावलं हे फाशावर ठरतं. मूळ नियमांत तर कॅरेक्टर खेळ सुरू व्हायच्या आधीच मरू शकत असे! आपल्याला फासे टाकायची गरज नाही, पण मुदती मांडा. पहिली चार वर्षं कुठे, कोणाच्या हाताखाली. दुसरी चार. एक चूक जिची नोंद सेवापुस्तिकेत आहे. एक माणूस ज्याला तो अजून भितो किंवा मानतो.

सामग्री आपल्या आसपासची घ्या. माझा दुसरा कप्तान खनिजवाहू बार्जवरचा होता. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, तेव्हा नांगरून पडलेले बार्ज मी पाहिले होते. त्यातून सुचलं की लघुग्रहांवरची खाण बंद होते, बार्जचा चालक बेकार होतो, आणि पगारासाठी नौदलात शिरतो. युद्धाबद्दल त्याला काही तळमळ नाही, पण जड जहाज अरुंद जागेतून कसं काढायचं हे त्याच्याइतकं कोणाला कळत नाही. शत्रूने कुटुंब मारलं म्हणून सूड घेणारे कप्तान अर्जांत डझनभर असतात. हप्ते थकले म्हणून भरती झालेला एखादाच.

एक दोष ठेवा, आणि तो दुसऱ्यांना उपयोगी पडेल असा ठेवा. 'तो फार प्रामाणिक आहे' हा दोष नव्हे. 'त्याला नकाशा पटकन कळतो, पण माणसांची नावं लक्षात राहत नाहीत' हा कामाचा, कारण मग एक्सओला रोज काहीतरी करायला मिळतं.

विज्ञानाचं म्हणाल तर खेळाच्या जगाचे नियम आधी वाचा आणि ते जिथे गप्प आहेत तिथे खरं विज्ञान वापरा. दोन गोष्टी अर्जात फार उपयोगी पडतात. एक, प्रकाशाचा वेग. पृथ्वीवरून मंगळाला संदेश जायला ग्रहांच्या स्थितीनुसार ३ ते २२ मिनिटं लागतात, गुरूपर्यंत अर्ध्या तासाहून जास्त. म्हणजे वरिष्ठांना विचारून उत्तर येईपर्यंत प्रसंग संपलेला असतो, आणि जागेवरच्या अधिकाऱ्याला स्वतः ठरवावंच लागतं. नेतृत्वाच्या कथेला याहून चांगली अडचण नाही. दोन, उष्णता. निर्वात पोकळीत जहाजाची उष्णता फक्त किरणोत्सर्जनाने बाहेर जाते. रेडिएटर, म्हणजे ही उष्णता बाहेर टाकणारी पाती, मिटून लपायचं तर आतली माणसं शिजू लागतात. "किती वेळ लपून राहू शकतो?" हा प्रश्न इंजिनरूमच्या खेळाडूला विचारा, तो तुमचा जन्माचा मित्र होईल.

नमुना पोस्ट

फॉर्ममध्ये एक प्रसंग देऊन 'तुमचं कॅरेक्टर काय करेल ते लिहा' असं सांगतात. बहुतेक अर्ज इथेच पडतात. आधी वाईट नमुना:

"कप्तानाने पडद्याकडे पाहिलं. शत्रूची तीन जहाजं. तो हसला. त्याने स्वतः तोफांचा ताबा घेतला आणि क्षणात तिन्ही जहाजं फुटली. सगळे अवाक होऊन त्याच्याकडे बघत राहिले."

पाच वाक्यांत तीन गुन्हे. निकाल स्वतःच लावला, याला गॉडमोडिंग म्हणतात. तोफवाल्या खेळाडूचं काम हिसकावलं. आणि दुसऱ्यांच्या कॅरेक्टरना काय वाटलं तेही परस्पर लिहून टाकलं. आता हाच प्रसंग असा पाहा:

"पडद्यावर तीन ठिपके होते, मधला जरा मागे रेंगाळत होता. कप्तानाने खुर्चीचा पट्टा आवळला. 'तोफखाना, मधला मागे का? इंजिन बिघडलंय की आपल्याला ओढतोय? अंदाज द्या. इंजिनरूम, पूर्ण वेग किती वेळ देऊ शकाल? फुगवून सांगू नका. पायलट, त्या लघुग्रहाच्या आडोशाला जायचंय. कसं ते तुमचं तुम्ही बघा.' त्याचा डावा हात नकळत खिशातल्या पासबुकावर गेला."

इथे तिघांना उत्तर द्यायला जागा आहे, निकाल जीएमच्या हातात आहे, आणि कप्तान कोण आहे हे शेवटच्या वाक्यात आलं. नमुना पोस्ट लिहून झाली की पेन्सिलने मोजा: तुमच्या पोस्टनंतर किती जण पुढची पोस्ट लिहू शकतात? तीनपेक्षा कमी असतील तर पुन्हा लिहा.

सविस्तर हुकूम मागितला असेल तर लष्करांत वापरला जाणारा पाच कलमी आदेश शिकून घ्या. परिस्थिती: शत्रू कुठे, आपले कुठे. उद्दिष्ट: काय करायचं आणि कशासाठी, एका वाक्यात. अंमलबजावणी: कोणी काय करायचं. रसद: दारूगोळा, औषधं, जखमींना कुठे न्यायचं. शेवटी संपर्क आणि नेतृत्व: कोणत्या चॅनेलवर बोलायचं, आणि मी पडलो तर हुकूम कोणाचा. यातलं 'कशासाठी' सोडू नका. योजना मोडली की सैनिकाला उरतं ते तेवढंच. अंमलबजावणीच्या कलमात मात्र आखडतं घ्या. डाव्या दाराने शिरा, तिसऱ्या वळणावर थांबा, मग गोळी झाडा, असं सगळं तुम्हीच लिहिलंत तर पथकाने फक्त होकार द्यायचा. "रात्र संपायच्या आत पंपघर आपल्या ताब्यात हवं, कारण वसाहतीचं पाणी तिथून जातं" एवढं सांगा आणि मागे सरका.

"वरून चुकीचा हुकूम आला तर?"

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर असतो. उत्तरं दोनच प्रकारची येतात: "हुकूम तो हुकूम" किंवा "माझा कप्तान झुगारून देईल". दोन्ही आळशी.

आपल्याला उदाहरणासाठी लांब जायला नको. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्य सीमेवर उभं असताना पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने गोव्याच्या गव्हर्नर जनरलला, वासालो इ सिल्व्हाला, शेवटपर्यंत लढण्याचा हुकूम पाठवला होता. शरणागती नाही, कैदी नाहीत, विजयी सैनिक किंवा मेलेले सैनिक, असा त्याचा आशय. १८ तारखेला भारतीय सैन्य शिरलं, आणि १९ ला त्याने शरणागती पत्करली. आपल्यासाठी तो दिवस मुक्तीचा. त्याच्यासाठी तो हजारो माणसं हकनाक मरू न देण्याचा होता, आणि त्याची किंमत त्याने मोजली. पोर्तुगालला परतल्यावर त्याला सैन्यातून काढून टाकलं, मानमरातब परत मिळाले ते १९७४ च्या क्रांतीनंतर. मी त्याचा चाहता नाही, वसाहतीचा तो शेवटचा राज्यकर्ता. पण प्रश्नाचं उत्तर कसं बांधायचं ते या प्रकरणातून दिसतं. हुकूम कोणी दिला आणि तो किती लांब होता. जागेवर काय दिसत होतं. कोणाचे जीव पणाला होते. पाळला नाही तर शिक्षा काय, आणि ती भोगायची तयारी आहे का.

तुमच्या उत्तरात या चारही गोष्टी आणा, आणि एक पाचवी, जी फक्त खेळात लागते: या निर्णयाने बाकीच्या खेळाडूंना काय मिळेल? कप्तानाने हुकूम मोडला तर एक्सओ त्याला अटक करू शकतो का? डॉक्टर साक्ष देईल का? 'माझ्या कप्तानावर कोर्ट मार्शल झालं तर मला आवडेल, तो सीन एक्सओला द्यावा' असं एका मुलीने अर्जात लिहिलं होतं. तिला पद द्यायला आम्ही दहा मिनिटंही घेतली नाहीत.

कथेबाहेरचं भांडण

पुढचा प्रश्न बहुधा असा: एक खेळाडू तुमचा हुकूम सतत मोडतो, काय कराल? आधी ओळखा की मोडतोय कोण, कॅरेक्टर की माणूस. कॅरेक्टर मोडत असेल तर ती कथा आहे, तिला कथेतच उत्तर द्या: पहारा, कानउघाडणी, बदली. माणूस वैतागला असेल तर कथेत शिक्षा देऊ नका. बाजूला खाजगी मेसेज करा, "काय झालं रे?" म्हणून विचारा. मराठीत विचारलं तरी चालतं, आमच्यात दोघे मडगावचे होते. खेळाच्या बाहेर कळलेली गोष्ट कॅरेक्टरच्या तोंडी घालणं, म्हणजे मेटागेमिंग, अधिकाऱ्याने केलं की सगळं जहाज करू लागतं.

युद्धकथेत छळ, नरसंहार, मुलांचे मृत्यू सहज येतात. टेबलावरच्या खेळात एक्स-कार्ड वापरतात: फुली मारलेलं कार्ड, कोणीही त्याला हात लावला की तो भाग गाळायचा, कारण विचारायचं नाही. लेखी खेळात त्याऐवजी एक ठरलेला शब्द किंवा खूण चालते. तुम्ही ती पाळाल, आणि पहिल्यांदा स्वतः वापरून दाखवाल, असं लिहा. डिस्कॉर्डवर १३ वर्षांची मुलंही असू शकतात, हे विसरू नका. छळवणूक, धमक्या, वैयक्तिक माहिती बाहेर येणं, यात कप्तानगिरी करायची नसते. लगेच मॉडकडे, म्हणजे खेळाची शिस्त सांभाळणाऱ्याकडे, द्यायचं, पुरावा म्हणून स्क्रीनशॉट ठेवायचा.

भाषा, आणि पाठवण्याआधीचा दिवस

फॉर्म बहुतेक इंग्रजीत असतो. मी आधी मराठीत लिहितो, मग छोट्या इंग्रजी वाक्यांत आणतो. व्याकरणाच्या दोन चुका राहिल्या तर कोणी बघत नाही. एआयकडून लिहून घेतलेला अर्ज मात्र ओळखू येतो, कारण तो कोणत्याही खेळाला लागू पडतो. त्यात तुमच्या जहाजाचं नाव नसतं, गेल्या महिन्याचा प्रसंग नसतो, नवख्याचा अनुत्तरित मेसेज नसतो.

लिहून झाल्यावर एक रात्र ठेवा. सकाळी मोठ्याने वाचा. 'मी' किती वेळा आला आणि 'ते', 'पथक', 'तोफवाली', 'डॉक्टर' किती वेळा, ते बघा. ज्याने तुमच्याबरोबर खेळलंय अशा एकाला दाखवा. स्तुती करणाऱ्या मित्राला नको, तुमच्या एखाद्या सीनमध्ये कंटाळलेल्याला.

मग पाठवा आणि गप्प बसा. दर दोन दिवसांनी "बघितलं का?" विचारू नका. ठरलेली मुदत उलटून गेली तर एकदाच विचारा. मुलाखत व्हॉइसवर असेल तर इअरफोन लावा, पंखा बंद करा, आणि उत्तर माहीत नसेल तर तसं सांगा. मला विचारलं होतं, "तुझ्याखालचा पथकप्रमुख तुझ्याहून चांगलं खेळत असेल तर?" मी म्हटलं, मग मला कमी लिहावं लागेल, बरंच आहे.

नकार आला तर उघड चॅनेलवर वाद घालू नका. खाजगीत एकच प्रश्न विचारा: कोणत्या उत्तरावर अडलं? पुन्हा अर्ज करायची मुदत असते, ती पाळा, आणि मधल्या काळात तेवढ्याच जोमाने साधा शिपाई म्हणून खेळत राहा. आम्ही तेच बघत असतो.

होकार आला तर बहुधा महिनाभर चाचणी असते. पहिल्या रात्री भाषण ठोकू नका. प्रत्येक खेळाडूच्या कॅरेक्टरला नावाने हाक मारा आणि एकेक छोटं काम द्या. दुसऱ्या आठवड्यात जे मागे पडलेत त्यांना प्रसंगाच्या मध्यभागी ओढा. तिसऱ्या आठवड्यात एखादा मोठा निर्णय एक्सओला घेऊ द्या आणि तो चुकला तरी कथेतच निस्तरा.

माझी चाचणी नेमकी चवथीत आली. जाण्याआधी तीन ओळी लिहून ठेवल्या: जहाज कुठे आहे, काय करून हवंय, आणि का. पाच दिवसांनी गणपती पोचवून घरी आलो, ओल्या कपड्यांनीच लॅपटॉप उघडला. एक्सओने जहाजाचा अख्खा डावा रेडिएटर गमावला होता, आतलं तापमान चढत होतं, आणि चॅनेलवर दोनशेच्या वर नवीन पोस्ट होत्या. महिनाभर गप्प असलेल्या डॉक्टरच्या त्यात एकवीस.